फायनल आणि पाळणा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बऱ्याच सभासदांनी आग्रह केल्यामुळे ते जसे झाले तसे येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद. पंधरा-वीस मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त मेंटेनन्सच्या थकबाकीचा नको." मी सहा वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे त्यांची भीती रास्त आहे. थकबाकीवर मी तासभर बोलू शकतो, तेही फ्लॅट नंबरनिशी. पण आज सणाचा दिवस आहे. आज मी खेळावर बोलणार आहे. खेळावर म्हणजे खरं तर घरावर. कसं ते पुढे कळेल.

प्रश्न साधा आहे. एखाद्या खेळाडूची मोठी मॅच आहे, फायनल म्हणा, आणि त्याच वेळी त्याच्या घरी बाळ जन्माला येणार आहे. त्यानं काय करावं? मैदानावर जावं की दवाखान्यात?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, डिसेंबर २०२० मध्ये ह्याच प्रश्नावर आपल्या गेटपाशी तोंडाला मास्क लावून, सहा-सहा फुटांवर उभं राहून आपण कडाक्याचं भांडलो होतो. आपला संघ ऑस्ट्रेलियात होता. ॲडलेडला १९ डिसेंबरला आपला डाव ३६ धावांत आटोपला. कसोटीच्या इतिहासातली आपली सर्वांत कमी धावसंख्या. आणि त्या मॅचनंतर कॅप्टन विराट कोहली घरी परत निघाला, कारण त्याची पत्नी गरोदर होती आणि जानेवारीत बाळ होणार होतं. त्यानं दौरा सुरू व्हायच्या आधीच बोर्डाला तसं सांगितलेलं होतं, बोर्डानं रजाही मंजूर केली होती. पण ३६ ऑल आउट झाल्यावर ते कोण लक्षात घेतो? जहाज बुडतंय आणि कप्तान निघाला, असं सगळे म्हणायला लागले.

आपल्यातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "सीमेवरचा जवान येतो का बायकोच्या बाळंतपणाला?" बी विंगमधल्या एक वहिनी पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "सोडता आलं तर सोडतातच की त्याला. आणि हा काही बंदूक घेऊन उभा नाही, बॅट घेऊन उभा आहे." त्यावर मी मोठ्या आवाजात म्हणालो, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती!" ह्या वाक्याकडे मी परत येणार आहे, कारण ते मला फार महागात पडलं.

त्या वेळी आमच्या पिढीनं एकच नाव पुढे केलं. सुनील गावसकर. म्हटलं तर आपलेच. गावसकर घराणं मूळचं वेंगुर्ल्याकडचं आणि वेंगुर्ला १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. १९७६ च्या सुरुवातीला आपला संघ न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज अशा लांबलचक दौऱ्यावर गेला. बेदी कॅप्टन, पण ऑकलंडच्या पहिल्या कसोटीत ते खेळू शकले नाहीत म्हणून गावसकरांनी कप्तानी केली, शतक ठोकलं आणि मॅच जिंकली. फेब्रुवारीत वेलिंग्टनला रिचर्ड हॅडलीनं २३ धावांत ७ बळी घेतले, आपण डावानं हरलो, आणि त्याच मॅचमध्ये जवळ क्षेत्ररक्षण करताना चेंडू लागून गावसकरांच्या गालाचं हाड मोडलं. ती मॅच संपल्यावर तीनच दिवसांनी, २० फेब्रुवारी १९७६ ला, इकडे भारतात त्यांच्या मुलाचा, रोहनचा, जन्म झाला.

बाप हजारो मैलांवर, मोडलेला गाल घेऊन. गावसकरांनी नंतर स्वतः लिहिलं आहे की निघतानाच त्यांना ठाऊक होतं, आपण बाहेर असताना मूल होणार. देशाकडून खेळायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं आणि पत्नीचा त्याला पाठिंबा होता. तिथून संघ वेस्ट इंडीजला गेला. पोर्ट ऑफ स्पेनला पहिल्या मॅचमध्ये गावसकरांनी १५६ केल्या. तिथेच एप्रिलमध्ये चौथ्या डावात जिंकायला ४०३ हवे होते. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५, आणि आपण चार गड्यांत ४०६ करून मॅच मारली. तोवर चौथ्या डावात एवढ्या धावा करून कुणीच कसोटी जिंकली नव्हती. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. मुंबईचा पेपर रत्नागिरीत दुपारी यायचा. त्या दिवशी पेपरवाल्यापाशी मारामारी झाली होती. दौरा एप्रिलअखेरीस संपला, तेव्हा बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. मुलाचं नाव रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, असे तीन क्रिकेटपटू एका नावात. बाप लांब होता पण नाव मात्र मैदानावरूनच आलं.

आम्हाला हे एवढंच उदाहरण पुरेसं होतं. पण गावसकरांच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख त्या भांडणात कुणी केला नाही. 'सनी डेज' ह्या त्यांच्या आत्मचरित्राच्या अगदी सुरुवातीला ती आहे. १९४९ साली मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्यांचा जन्म झाला. त्यांचे नातेवाईक नारायण मसुरेकर पहिल्या दिवशी बाळ बघून गेले. बाळाच्या डाव्या कानापाशी एक बारीक भोक होतं, ते त्यांनी बघून ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत आले, बाळ उचललं, तर भोक नाही! शोधाशोध झाली. खरं बाळ एका कोळिणीच्या शेजारी शांत झोपलेलं सापडलं. अदलाबदल झाली होती. म्हणजे आपल्या मिरकरवाड्यावर जसे लोक होडी लोटतात, तशी होडी लोटण्यात सुनील गावसकरांचा जन्म गेला असता. का गेला नाही? कारण एक माणूस तिथे हजर होता आणि त्यानं बाळाकडे नीट बघितलं होतं.

पुरुष नेहमी म्हणतो, "मी तिथे जाऊन काय करणार? मी काय डॉक्टर आहे?" मसुरेकर डॉक्टर नव्हते. ते फक्त आले होते.

आता माझं सांगतो. बँकेतल्या माणसानं दुसऱ्यांची खाती उघडून बसायचं आणि आपलं पासबुक लपवायचं, हे बरं नाही.

१९७९ चा नोव्हेंबर महिना. माझी बदली कोल्हापूरला होती. सौ. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, इथे रत्नागिरीला. तारखेला अजून दहा दिवस होते. तेव्हा मी कॅरम बरा खेळायचो. आमच्या बँकेच्या आंतरशाखा कॅरम स्पर्धा त्या वर्षी कोल्हापुरात होत्या आणि मी दुहेरीच्या सेमी-फायनलला पोचलो होतो. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ब्रँचमध्ये सासऱ्यांचा ट्रंक कॉल आला. "हिला दवाखान्यात हलवलंय. तुम्ही निघा." आमचे मॅनेजर भला माणूस. त्यांनी मी न मागताच सांगितलं, "रजेचा अर्ज नंतर द्या, आधी एस.टी. पकडा." दुपारची गाडी होती. आंबा घाटातून चार-साडेचार तासांत रत्नागिरी. म्हणजे मला कुणीही अडवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. बँकेनं नाही, मॅनेजरनं नाही. माझा जोडीदारसुद्धा म्हणाला, "जा बाबा, पुढच्या वर्षी खेळू."

आणि मी गेलो नाही.

मी स्वतःला काय सांगितलं, तेही सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरचं, तिथे जावयाचं काम काय? सासरे आहेत, सासूबाई आहेत, डॉक्टर आहेत. आपल्या कोकणात तर बापानं लांब असणं ही रीतच. चाकरमानी मुंबईच्या गिरणीत, बोटीवरचा माणूस बोटीवर, मच्छीमार समुद्रात. पोर झाल्याचं त्यांना पत्रानं कळायचं, आणि पोराला बाप मे महिन्यात नाहीतर गणपतीत दिसायचा. माझ्या आजोबांनी माझ्या वडलांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते रांगत होते. मग मी दोन दिवस उशिरा गेलो तर काय आभाळ कोसळणार होतं?

शनिवारी सेमी-फायनल जिंकलो. रविवारी फायनल. शेवटच्या बोर्डला क्वीन मी घेतली आणि कव्हरही केली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. रात्री मंडळींनी तांबडा-पांढऱ्याचं जेवण दिलं. सोमवारी सकाळची पहिली गाडी पकडून दुपारी मी कप पिशवीत घालून रत्नागिरीला दवाखान्यात पोचलो.

मुलगी शनिवारी मध्यरात्रीनंतर झाली होती. तिची तब्येत उत्तम. पण सौ.ला फार रक्तस्राव झाला होता. दोन बाटल्या रक्त लागलं. सासऱ्यांचा गट जुळेना. मध्यरात्री ते चप्पल न घालता शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरले. शेवटी शेजारचे एक एस.टी. कंडक्टर, पहाटे पाचला ज्यांची ड्यूटी होती, त्यांनी एक बाटली दिली आणि दुसरी कॉलेजातल्या एका मुलानं. त्या दोघांना मी आयुष्यात कधी विसरलेलो नाही. पण खरं सांगतो, त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटली, कारण सौ.चा आणि माझा रक्तगट एकच आहे.

मी खोलीत गेलो. ती पांढरीफटक पडली होती. बाळ शेजारी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जिंकलात ना?"

टोमणा नव्हता हो तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता.

तो कप आजही आमच्या शोकेसमध्ये आहे. आमची सौ. शोकेसमधली प्रत्येक वस्तू दर दिवाळीला पुसते. तो कप मी पुसतो. ह्यावर आमच्या घरात कधी चर्चा झालेली नाही. बँकेत एखाद्या रकमेचा हिशेब लागत नसला की ती सस्पेन्स अकाउंटला टाकून ठेवतात, तशी ही नोंद एक्केचाळीस वर्षं पडून होती.

आता डिसेंबर २०२० कडे परत येतो. गेटपाशी मी "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" म्हणालो तेव्हा लॉकडाऊनमुळे आमची मुलगी इथूनच ऑफिसचं काम करत होती आणि बाल्कनीत उभी होती. मी वर गेलो. ती म्हणाली, "बाबा, माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही कॅरम खेळत होतात ना? देशासाठी?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग मी जरा शोध घ्यायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. सगळ्यात आधी दिसलं ते असं की कोहली परत आल्यावर ज्याच्या हातात संघ आला, तो आपला अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातला. त्याची गोष्ट माहीत आहे? ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी चालू होती. मॅचच्या चौथ्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, त्याला मुलगी झाली. तो मैदानावर होता. सहा तारखेला मॅच जिंकली आणि मग तो लेकीला भेटला. म्हणजे ज्यानं स्वतः तो क्षण सोडला होता, त्याच्याच खांद्यावर दुसऱ्याच्या रजेचा भार आला. आणि त्यानं तो कसा उचलला! मेलबर्नला ११२ धावा. मॅच आठ गड्यांनी जिंकली. सिडनीला हनुमा विहारी आणि अश्विन दुखापती घेऊन तासन् तास उभे राहिले आणि ११ जानेवारीला मॅच वाचवली. कोहलीची मुलगी जन्मली ती त्याच दिवशी, ११ जानेवारी २०२१ ला. आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनला ३२८ चा पाठलाग करून आपण मालिका २-१ अशी जिंकली. त्या मॅचमध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरनं ६७ धावा आणि सात बळी घेतले. आपण गच्चीवर फटाके वाजवले होते, आठवतंय?

ह्याचा अर्थ कोहली नको होता, असा नाही. अर्थ एवढाच की मैदानावरची जागा भरून काढणारा कुणीतरी निघतो. घरातली जागा भरायला दुसरा कोण जाणार?

पण नाण्याला दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर मी बँकेत पस्तीस वर्षं फुकट काढली. त्याच संघात टी. नटराजन होता. तमिळनाडूतल्या गरीब घरातला मुलगा. नोव्हेंबरमध्ये आय.पी.एल. चालू असताना त्याला मुलगी झाली. तो तिकडे दुबई-अबुधाबीत. तिथून थेट ऑस्ट्रेलियाला गेला तो नेट बोलर म्हणून. लेकीचं तोंड बघितलं जानेवारीअखेर घरी परतल्यावर. एका संघात एकाला रजा आणि दुसऱ्याला नाही, हा कसला न्याय, असा प्रश्न खुद्द गावसकरांनीच तेव्हा लेख लिहून विचारला. त्यावरही वाद झाला, पण प्रश्न खरा होता. रजा कागदावर असणं वेगळं आणि ती मागायची हिंमत असणं वेगळं. ज्याची जागा पक्की, तो मागतो. ज्याला आज संधी मिळाली आहे आणि उद्या मिळेलच असं नाही, तो कसा मागणार? आमच्या बँकेतही साहेबांची रजा एका सहीत व्हायची. टेंपररी शिपाई मात्र बायको दवाखान्यात असतानाही वाउचर शिवत बसायचा, कारण उद्याचा रोज बुडाला तर? आता केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, बँकांतही मिळते. पण मिरकरवाड्यावरचा खलाशी, रिक्षावाला, प्लंबर, आपल्या गेटवरचा वॉचमन, ह्यांना कोण देणार?

महेंद्रसिंग धोनीचं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०१५ ला त्याला मुलगी झाली तेव्हा तो वर्ल्ड कपसाठी ऑस्ट्रेलियात होता, आणि नऊ दिवसांवर पाकिस्तानशी मॅच होती. पत्रकारांनी विचारलं तर म्हणाला, मी देशाच्या कामावर आहे, बाकी सगळं थांबू शकतं. आणि तो तसा वागला. मी त्याला दोष देत नाही. रोहित शर्मानं दोन्ही वेळा उलट केलं. मुलीच्या वेळी, २०१८ च्या डिसेंबरअखेरीस, मेलबर्नहून परत आला आणि सिडनीची कसोटी सोडली. मुलाच्या वेळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कॅप्टन असून पर्थची पहिली कसोटी खेळला नाही. ती मॅच बुमराहच्या कप्तानीखाली आपण २९५ धावांनी जिंकली. त्यालाही मी दोष देत नाही.

मग दोष कुणाला नाही, तर मी इथे उभा कशाला आहे?

त्याचं उत्तर मला एका गोल्फवाल्याच्या गोष्टीत सापडलं. १९९९ साली अमेरिकेतल्या पाइनहर्स्टला यू. एस. ओपन स्पर्धा होती. फिल मिकल्सन हा खेळाडू पहिल्या नंबरासाठी झुंजत होता आणि घरी बायकोचे दिवस भरले होते. तो सोबत पेजर घेऊन खेळत होता. त्यानं आधीच जाहीर केलं होतं, पेजर वाजला की मी असेन तिथून निघेन, अगदी शेवटच्या होलवर असलो तरी. पेजर वाजला नाही. शेवटच्या होलवर पेन स्टुअर्टनं सुमारे पंधरा फुटांवरून चेंडू घातला आणि मिकल्सन एका फटक्यानं हरला. त्याच जागी स्टुअर्टनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की तू आता बाप होणार आहेस. दुसऱ्याच दिवशी मिकल्सनला मुलगी झाली. बरोबरी झाली असती तर ठरावासाठी पुन्हा खेळायचं होतं ते त्याच सोमवारी! पुढे त्यानं मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण यू. एस. ओपन काही त्याला कधी मिळाली नाही. सहा वेळा दुसरा आला. तरी तो पेजर त्यानं सोबत ठेवला होता, हे कुणी पुसू शकत नाही. पेन स्टुअर्ट मात्र चारच महिन्यांनी विमान अपघातात गेला. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला काय सांगितलं, तेवढं मागे राहिलं.

बघा, गावसकर गेले नाहीत, मिकल्सन जायला तयार होता, कोहली गेला. पण तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांनी आधी ठरवलं होतं. ज्यांना सांगायचं त्यांना आधी सांगितलं होतं. गावसकरांच्या घरी पत्नीला ठाऊक होतं. माझी चूक मी कॅरम खेळलो ही नव्हे. माझी चूक ही की मी तिला विचारलंच नाही. जे दोघांनी मिळून ठरवायचं ते मी एकट्यानं, बोरिक पावडर बोटाला लावून, पाच मिनिटांत ठरवलं.

आणि भगिनींनो, ह्या सगळ्या चर्चेत आपण फक्त बापाविषयीच बोलतो. बाईपुढे "जाऊ की नको" असा प्रश्न नसतोच, मॅच आणि बाळंतपण दोन्ही तिच्याच अंगावर असतात. २०२२ साली चेन्नईजवळ महाबलीपुरमला बुद्धिबळाचं ऑलिंपियाड झालं. आपल्या महिला संघात द्रोणवल्ली हरिका खेळली ती नवव्या महिन्यात. मार्गदर्शक होते आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे, आणि संघात गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती. त्या संघानं ब्राँझ पदक मिळवलं. ऑलिंपियाडमध्ये महिलांचं ते आपलं पहिलं पदक. त्याच महिन्यात हरिकाला मुलगी झाली. आणि आम्ही पुरुष विचारतो, "मी जाऊन काय करणार?"

हा प्रश्न शेवटी मी आमच्या सौ.लाच विचारला. एक्केचाळीस वर्षांनी. मुलगी झोपली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मी आलो असतो तर काय केलं असतं गं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काही नाही. तुम्हाला काय येतं? रक्त दिलं असतंत तेवढंच. पण मला त्या रात्री कुणावर तरी ओरडायचं होतं. आई रडत होती, बाबा धावत होते, त्यांच्यावर कसं ओरडणार? तुम्ही असतात तर तुमच्यावर ओरडले असते."

एवढं बोलून तिनं भाजीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवसापासून पालेभाजी मी निवडतो.

आता शेवटचं, आणि ते सोसायटीबद्दल. दोन वर्षांपूर्वी आपल्या क्रिकेट स्पर्धेची फायनल आठवा. ए विंग विरुद्ध सी विंग. सी विंगचा एक चांगला बॅट्समन सातव्या ओव्हरला फोन आला म्हणून बॅट टाकून निघाला. त्याची बाईक सुरू होईना. तेव्हा गाडी कुणी काढली? ए विंगच्या कॅप्टननं! स्वतःची टीम फिल्डिंगला उभी सोडून तो त्याला दवाखान्यात पोचवून आला. सी विंग चार रन्सनी हरली. हळहळ झाली, पण एकानंही त्या मुलाला बोल लावला नाही. मी स्कोअर लिहीत होतो. स्कोअरबुकात त्याच्या नावापुढे काय लिहावं ते मला कळेना, मग मी "कन्यारत्न" असं लिहिलं. ती कन्या आज पुढच्या रांगेत बसून माझ्या पायातल्या चपलेशी खेळते आहे.

१९७९ साली माझ्या सासऱ्यांना मध्यरात्री अनवाणी दारं वाजवावी लागली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे नोंदलेल्या आपल्यासारख्या संस्थेत सहकार म्हणजे फक्त पाण्याची टाकी आणि लिफ्टचं बिल नव्हे. म्हणून अध्यक्षांना माझ्या तीन सूचना आहेत. वार्षिक सभेची वाट न बघता मंजूर कराव्यात.

एक, आपल्या सगळ्यांचे रक्तगट आणि फोन नंबर ह्यांची यादी सेक्रेटरींकडे ठेवावी. माझा गट पहिला लिहा. वयामुळे आता माझं रक्त घेणार नाहीत, पण नाव राहू दे. दोन, ज्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, त्या घरासाठी रात्री-अपरात्री कुणाची गाडी तयार राहील ते आधी ठरवावं. हे वॉचमनच्या घरालाही लागू. तीन, आपल्या स्पर्धेच्या नियमांत लिहावं की घरी बाळंतपण किंवा आजारपण असेल तर खेळाडूला बदली खेळाडू मिळेल, आणि तो बॅटिंगही करेल. आंतरराष्ट्रीय नियमांत काय आहे ते मला सांगू नका. ही आपली सोसायटी आहे.

तरुण मुलांना एवढंच सांगतो. मॅच खेळा, जीव तोडून खेळा. जायचं की राहायचं हे मी कोण सांगणार? पण जिचा प्रश्न आहे तिला आधी विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.

माझा कॅरमचा कप ह्या वर्षीपासून मी सोसायटीला देत आहे. फिरता चषक म्हणून ठेवावा. आमच्या सौ.ची त्याला संमती आहे. सकाळी मी तो पुसायला घेतला, तर ती म्हणाली, "द्या इकडे," आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो पुसला. म्हणाली, "घरातून जातोय, तर स्वच्छ जाऊ दे."

 बाहेर अल्पोपाहार तयार आहे. आणि ज्यांचा मेंटेनन्स राहिला असेल, त्यांनी... जाऊ द्या, सेक्रेटरी बघताहेत.